रावणेश्वराचें तळें आणि कोल्हापूरचा फुटबॉल

विलायतेंतील एखाद्या फुटबॉल क्लबाचा इतिहास लिहावयाचा झाला म्हणजे लेखकाचें काम एका दृष्टीनें सोपें असतें. क्लबाचें स्वतःचें असें एक मैदान असतें. तें केव्हां घेतलें, किती भाड्यानें घेतलें, पहिली लांकडी गॅलरी केव्हां उभी राहिली व केव्हां पाडली, हें सर्व दप्तरांत सांपडतें. आणि मैदानाची बखर लिहिली कीं क्लबाची बखर निम्मी लिहून होते. लिव्हरपूल शहरांतील अ‍ॅनफील्ड मैदानाची गोष्ट ह्या बाबतींत प्रसिद्धच आहे. तें मैदान आधीं एव्हर्टन क्लबाकडे होतें. भाडें व इतर कारणांवरून जागेच्या मालकाशीं तंटा झाला आणि १८९२ सालीं एव्हर्टनची मंडळी आपलें बिऱ्हाड उचलून दुसरीकडे गेली. रिकामें मैदान घेऊन मालक काय करणार? त्यानें त्या मैदानासाठीं एक नवा क्लबच काढिला. तोच आज जगास ठाऊक असलेला लिव्हरपूल क्लब होय. क्लबानें मैदान शोधावें ही सर्वत्र रीत. तेथें मैदानानें क्लब शोधिला.

कोल्हापुरांत ही पद्धति चालत नाहीं. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, संध्यामठ, फुलेवाडी ह्यांपैकीं कोणत्याही संघाच्या अभिमान्यास ‘तुमचें स्वतःचें मैदान कोणतें?’ असें विचारून पाहावें. सर्वांचीं बोटें एकाच दिशेस वळतील, आणि तेथें शाहू स्टेडियम असेल. वरिष्ठ गटांत सोळा संघ खेळत आले आहेत. ह्या सोळाही संघांचें घरचें मैदान तेंच, आणि पाहुणा असा कोणीच नाहीं. इटलींतील मिलान शहरीं दोन मोठे वैरी क्लब एकाच मैदानावर नांदतात, ह्याचें तिकडच्या लेखकांस मोठें कौतुक वाटतें. सान सिरो हें तें मैदान. १९२६ सालीं एकानें बांधिलें व १९४७ पासून दुसराही तेथें खेळूं लागला. दोघांच्या नांदण्याचें जर इतकें कौतुक, तर सोळा सवतींच्या ह्या संसारास काय म्हणावें?

तेव्हां कोल्हापुरांतल्या एखाद्या क्लबाच्या मैदानाचा इतिहास सांगूं म्हटलें तर तो एकट्या क्लबाचा राहत नाहीं. तो शहराचा इतिहास होतो. आणि आमच्या मतें तो पाण्यापासून आरंभावा लागतो.

आजचें कोल्हापूर पाहून कोणास खरें वाटणार नाहीं, परंतु जुनें कोल्हापूर हें तळ्यांचें गांव होतें. रंकाळा आणि कोटितीर्थ आजही डोळ्यांना दिसतात. बाकीचीं बहुतेक तळीं आतां नांवांपुरतीं उरलीं आहेत. कपिलतीर्थ म्हटलें कीं गृहिणींस भाजीची मंडई आठवते. तेथें तीर्थ होतें हें मेथीची जुडी निवडतांना कोणाच्या मनांतही येत नाहीं. वरुणतीर्थाचें गांधी मैदान झालें. सिद्धाळ्याची बाग झाली. आणि रावणेश्वराच्या तळ्याचें झालें फुटबॉलचें मैदान. ज्या देवळावरून त्या तळ्यास नांव पडलें तें रावणेश्वराचें देऊळ अजून स्टेडियमला लागून आहे. रावणाच्या नांवाचा शंकर शेजारीं बसवून त्याच्या साक्षीनें पेठापेठांनीं एकमेकींशीं युद्ध करावें, ही योजना कोणी मुद्दाम केली नसेल. पण ती जमून मात्र छान गेली आहे.

हीं तळीं बुजलीं कां, ह्याचें कारण शोधण्यास फार दूर जावें लागत नाहीं. जोंवर पेठेची घागर तळ्यांत बुडत होती तोंवर तळ्याचा कांठ स्वच्छ राखणें ही पेठेची गरज होती. पुढें पाणी नळानें येऊं लागलें. कात्यायनीच्या बाजूनें येणारें पाणी शहरांत खेळविण्याची योजना जुनीच होती; मंगळवार पेठेंतील ‘पाण्याचा खजिना’ हें नांव तिची खूण म्हणून राहिलें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कळंब्याचा तलाव झाला व त्याचें पाणी शहरास मिळूं लागलें. घागर नळाखालीं गेली, तळें एकटें पडलें. मग त्यांत केर, चिखल, शेवाळ आणि डांस. अशा तळ्याचा शहरास उपद्रव वाटूं लागतो, आणि त्याच वेळीं वाढत्या वस्तीला ऐन गांवांत मोकळी जागा हवी असते. सपाट, उघडी, कोणाचें घर पाडावें न लागणारी जागा तळ्याखेरीज दुसरी कोणती मिळणार? मंडई, बाग, सभेची जागा, खेळाचें मैदान हीं शहराचीं सारीं सार्वजनिक अंगणें जुन्या तळ्यांच्या पोटांत कां सांपडतात, ह्याचा उलगडा येथें होतो. तळें हें मुळांतच कोणा एकाचें नव्हतें. म्हणून तें बुजल्यावरही जागा सर्वांची राहिली. आम्हांस ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. खासगी वाड्याच्या जागीं फुटबॉलचें मैदान झालें असतें तर तें त्या वाड्याच्या पेठेचें झालें असतें.

नांवांकडे जरा लक्ष दिलें तर हें पाणी खेळांतही झिरपलेलें दिसतें. ‘पाटाकडील’ ह्या नांवांतच पाट आहे. संध्यामठ म्हणजे रंकाळ्याच्या पाण्यांत उभा असलेला दगडी मंडप, जो चांगला पावसाळा झाला कीं पाण्यांत बुडूं लागतो. त्याच्या नांवानें खेळणारा संघ शिवाजी पेठेंतून निघतो आणि रावणेश्वराच्या आटलेल्या तळ्यांत येऊन पाटाच्या कांठच्या पोरांशीं झुंजतो! भूगोलाच्या अध्यापकानें शिकविण्यासारखी ही गोष्ट आहे. परंतु आमच्या शाळांत टेम्स नदीचीं उपनद्यांसह नांवें पाठ करविण्याची चाल होती, वरुणतीर्थ कोठें गेलें हें कोणी विचारीत नसे.

आतां घराविषयीं. मैदान सर्वांचें एक असलें तरी घर ज्याचें त्याचें निराळें आहे, आणि तें घर म्हणजे पेठेंतली तालीम. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा हा झाला कोशांतला अर्थ. कोल्हापुरांतली तालीम ह्याहून पुष्कळ अधिक आहे. आंत तांबड्या मातीचा हौदा, भिंतीशीं मारुति. बाहेर कट्ट्यावर पेठेंतले म्हातारे आणि मिसरूड न फुटलेलीं पोरें एकाच ओळींत बसलेलीं. भाद्रपदांत येथें गणपति बसतो. मोहरम आला कीं कित्येक तालमींत पंजेही बसतात. आणि २०१८ पासून लागोपाठ तीन वर्षें दोन्ही उत्सव एकाच वेळीं आले तेव्हां गणपति आणि पीर एकाच छताखालीं विराजमान झालेले शहरानें पाहिले. पेठेंत भांडण झालें तर निवाडा येथें, पूर आला तर भाकरी बांधण्याचें काम येथें, आणि उद्यां कोण खेळणार ह्याचा खलही येथेंच. ज्यांस बाहेरगांवचे लोक ‘फुटबॉल क्लब’ म्हणतात ते बहुतेक असे आहेत. फुटबॉल हा त्यांच्या अनेक उद्योगांपैकीं एक.

ह्या तालमींना बळ कोणीं दिलें हें सांगण्याची जरुरी नाहीं. छत्रपति शाहू महाराज १९०२ सालीं बादशहा सातवे एडवर्ड ह्यांच्या राज्यारोहणासाठीं विलायतेस गेले होते. त्या प्रवासांत रोमचें प्राचीन क्रीडागृह त्यांच्या दृष्टीस पडलें व तसें आपल्या गांवीं असावें असें त्यांच्या मनानें घेतलें, असें सांगतात. १९०७ सालीं खासबागेच्या मैदानाचें काम सुरू झालें आणि १९१२ सालीं तें पुरें झालें. खासबाग हें खरें पाहतां मैदान नव्हे, ती एक मोठी परात आहे. मध्यें मातीचा हौदा आणि सभोंवार वर चढत गेलेली बैठक. कोठेंही बसा, पुढच्याच्या डोक्याआड कुस्ती जात नाहीं. राजाच्या शेजारचा सरदार आणि सर्वांत मागचा हमाल दोघांनाही तोच पेंच तसाच दिसतो. लगतच १९१५ सालीं पॅलेस थिएटर उभें राहिलें, तेंच आजचें केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं, म्हणजे संगीतसूर्य केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्रीं, तें आगींत सांपडलें, खासबागेकडील रंगमंचही त्यांत गेला, आणि सगळें शहर घरांतलें माणूस गेल्यासारखें रस्त्यावर येऊन उभें राहिलें. दगडविटांवर इतका जीव असणारें गांव मैदानावर किती जीव टाकीत असेल ह्याची कल्पना यावी.

तारखांचा एक योग येथें सांगण्यासारखा आहे. खासबागेंत माती भरली जात होती त्याच सुमारास, २९ जुलै १९११ रोजीं, कलकत्त्यास मोहन बागान संघानें ईस्ट यॉर्कशायर पलटणीच्या गोऱ्यांचा दोन विरुद्ध एक गोलांनीं पराभव करून आय. एफ. ए. शील्ड जिंकिली. एक गडी सोडून सारे अनवाणी खेळले होते. बंगालच्या फुटबॉलला त्या दिवसापासून राष्ट्रीय अभिमानाचें अधिष्ठान मिळालें. कोल्हापूरच्या फुटबॉलची घडण अगदीं निराळी. येथें समोर गोरा नव्हता. समोर शेजारची पेठ होती. कुस्तींत तालमीचा एक मल्ल उतरतो आणि बाकीची तालीम कांठावर बसून मुठी आवळते. फुटबॉलमध्यें एकदम अकरा जण उतरतात, म्हणजे पेठच उतरते. ज्या गांवांत तालीम, ईर्षा आणि जाणता प्रेक्षक हीं तीन्ही आधींच तयार होतीं, त्या गांवांत चेंडू आला एवढेंच नवें. बाकीचा संसार मांडलेलाच होता.

ह्या ठिकाणीं विद्वानांचा एक जुना वाद उभा राहतो. कित्येक म्हणतात, कोल्हापूरचा फुटबॉल हा सारा राजाश्रयाचा प्रताप. दुसरे म्हणतात, राजे गेले तरी खेळ राहिला, तेव्हां राजाश्रयाचें कौतुक पुरे. ह्यांत दोन्ही पक्ष अर्धे बरोबर आहेत. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन ही संस्था १९४० सालीं स्थापन झाली. छत्रपति राजाराम महाराजांच्या कारकीर्दीचें तें अखेरचें वर्ष. त्याच वर्षीं २६ नोव्हेंबरला त्यांचें निधन झालें. संस्थेचें व छत्रपति घराण्याचें नातें त्यानंतर आजवर तुटलेलें नाहीं. नियम करणें, वेळापत्रक लावणें, पंच नेमणें आणि सर्वांत मुख्य म्हणजे मैदान राखणें हें काम ह्या संस्थेकडे राहिलें. पंचाच्या निर्णयावर पेठ रुसली तरी तिला जाण्यास दुसरें मैदान नाहीं; आणि मैदानाच्या मागें जें घराणें आहे त्याला कोणतीही पेठ परकें म्हणूं शकत नाहीं. सोळा वैऱ्यांचें एकत्र नांदणें शक्य झालें तें पुष्कळसें ह्यामुळें.

परंतु केवळ राजाश्रयावर खेळ जगत नाहीं ह्याचा पुरावाही कोल्हापुरांतच आहे. शाहू महाराजांच्या काळीं हत्तींच्या साठमारीचा खेळ होई. साठमारीची जागा आहे, नांव आहे. खेळ उरला नाहीं. चित्त्यांकडून हरणांची शिकार करविण्याचा शोकही तसाच गेला. १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. दरबारच्या पागेवर जगणाऱ्या खेळांना दरबारावांचून गति नव्हतीच. फुटबॉलला दरबारानें जागा दिली, मान दिला. पण त्याचे खेळाडू, त्याची वर्गणी आणि त्याचा आरडाओरडा हीं तिन्ही पेठेचीं होतीं. म्हणून संस्थान गेल्यावर मैदानावरची गर्दी एका माणसानेंही कमी झाली नसावी. कलकत्त्याचें मैदान लष्कराच्या ताब्यांत आहे आणि तेथील नामवंत क्लब लष्कराच्या परवानगीनें तेथें तंबू ठोकून आहेत. त्या मानानें कोल्हापूरच्या पेठा भाग्यवान. त्यांना मैदानाकडे जातांना आपण परवानगीनें आलों आहों असें कधीं वाटत नाहीं. वाटत असतें तर बरें, असेंही एखाद्या दिवशीं पोलिसांच्या मनांत येत असेल.

तें येण्यास कारणही आहे, आणि तें झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. हंगाम थंडीबरोबर सुरू होतो व उन्हाळा संपेपर्यंत चालतो. दुपारीं चारचा सामना असला कीं दोन वाजल्यापासून गल्ल्या वाहूं लागतात. आणि अध्यापकाच्या धंद्यांतील मंडळींस त्या दिवशींच्या तासाला कोणत्या बांकावर कोण दिसणार नाहीं हें हजेरीपत्रक न उघडतां सांगतां येतें. सिमेंटच्या पायऱ्या भरतात. शिट्या, ढोल, झेंडे ह्यांनीं कान किटतात. येथवर सर्व ठीक. परंतु अटीतटीच्या सामन्यानंतर मैदानांत दगड येतात, बाटल्या येतात, मारामारी बाहेरच्या रस्त्यावर जाते आणि सामना थांबवावा लागतो, असे प्रकार एकदां नव्हे, अनेकदां घडले आहेत. खेळाडूंवर बंदी, संघांना दंड, तरुणांवर गुन्हे दाखल, हें सर्व होऊन चुकलें आहे. आमचे एक स्नेही म्हणतात, कीं ही ईर्षाच कोल्हापूरच्या फुटबॉलचा प्राण आहे, ती काढली तर राहील काय? आम्हांस हें मान्य नाहीं. खासबागेच्या हौद्यांत ईर्षा कमी नव्हती. तेथें चितपट झालेला मल्ल उठून जिंकणाऱ्याच्या अंगाची माती झाडीत असे. ईर्षा हौद्याच्या कडेच्या आंत राहिली तर तिला खेळ म्हणावें. कडेबाहेर आली कीं तिला निराळें नांव आहे व तें पोलिसांच्या वहींत लिहिलेलें असतें.

ज्या एकाच मैदानामुळें हा दंगा पेटतो त्याच एका मैदानामुळें तो विझतोही, हें मात्र ध्यानांत घेतलें पाहिजे. विलायतेंत पाहुण्या संघाचे लोक सामना संपला कीं आगगाडींत बसून आपल्या गांवीं जातात. राग तसाच बरोबर जातो. कोल्हापुरांत हरलेला आणि जिंकलेला दोघेही एकाच गल्लींतून घरीं जातात. दुसऱ्या दिवशीं सकाळीं दोघांनाही कपिलतीर्थांत भाजीसाठीं जावयाचें असतें, एकाचीं मुलें दुसऱ्याच्या वर्गांत असतात, एकीची बहीण दुसऱ्या पेठेंत दिलेली असते. पुढल्या आठवड्यांत तीच पायरी, तेंच गवत. वैर धरून बसण्यास निराळी जागाच शिल्लक नाहीं.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ह्या मैदानावर नवीं माणसें आलीं. पेठांनीं परप्रांतांतून आणि आफ्रिकेंतून खेळाडू आणिले. सांवळ्या, उंच, परमुलुखांतल्या तरुणाच्या पायांत चेंडू गेला कीं अख्खी पेठ त्याच्या नांवानें ओरडते, आणि रात्रीं त्याला आग्रहानें तांबडा-पांढरा वाढते. त्याच्या डोळ्यांतलें पाणी प्रेमाचें कीं तिखटाचें हा प्रश्न विचारूं नये. ह्या प्रथेवर टीकाही झाली, संस्थेनें बाहेरच्या खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा घातल्या, आणि तें योग्यच झालें असें आम्ही समजतों. विकतच्या पायांनीं पेठ जिंकली तर पेठेंतल्या पोरानें पाहत बसावयाचें काय? त्या पोरांची योग्यता कमी नाहीं. २०१७ सालीं सतरा वर्षांखालील जागतिक फुटबॉल स्पर्धा हिंदुस्थानांत भरली, त्या वेळीं दिल्लीच्या मैदानावर भारताच्या संघांत कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव खेळला. त्याच वर्षाच्या अखेरीस महिलांच्या भारतीय लीगची प्राथमिक फेरी कोल्हापुरांत झाली, आणि पुढें २०१९ सालीं एफ. सी. कोल्हापूर सिटी ह्या नांवानें मुलींचा संघ त्या लीगमध्यें उतरला. तालमीच्या कट्ट्यावर ज्यांना बसावयास जागा नव्हती त्या मुलींना मैदानावर जागा मिळाली, ही गोष्ट आम्हांस कोणत्याही चषकाहून मोठी वाटते.

परंतु खेळणारे वाढले तरी मैदान वाढलेलें नाहीं, आणि खरी अडचण येथें आहे. सामना शाहू स्टेडियमवर होतो; सरावाचें काय? सोळा संघ, त्यांखालचे दुसऱ्या-तिसऱ्या गटांचे संघ, शाळांचीं मुलें, आतां मुली, ह्या सर्वांना रोज पहांटे व संध्याकाळीं पाय मोकळे करावयास जागा हवी. एकाच गवतावर सगळ्यांना सोडलें तर हंगामाच्या मध्यावर गवताच्या जागीं धूळ उरेल. म्हणून पोरें गांधी मैदानाकडे जातात, मेरी वेदरच्या मैदानाकडे जातात, मिळेल तेथें दोन दगडांचा गोल मांडितात. गांधी मैदानावर कधीं सभा असते, कधीं प्रदर्शन असतें; मांडव उठला तरी त्याचे खिळे मागें राहतात आणि ते पोरांच्या तळव्यांत सांपडतात. शहरानें आपल्या तळ्यांचीं मैदानें केलीं. आतां मैदानांचें आणखी कांहीं करण्याच्या सूचना अधूनमधून कानांवर येतात. मोकळी जागा दिसली कीं तींत काय बांधतां येईल ह्याचाच विचार करणारी एक जात सर्व शहरांत असते. ह्या जातीच्या माणसांस आमचें एवढेंच सांगणें आहे, कीं तळें बुजविलें तेव्हां दुसरें पाणी मिळालेलें होतें. मैदान बुजवाल तेव्हां दुसरें मैदान कोठें आहे तें आधीं दाखवा.

पाण्याला मात्र अजून सगळें आठवतें. मृगाच्या सरी सुरू झाल्या कीं हंगाम आटोपतो, जाळीं उतरतात, आणि पेठांतलीं पोरें बूट धुऊन तालमीच्या खुंटीला लावतात. आषाढांत दोन दिवस झड लागली कीं वरुणतीर्थ परत येतें. गांधी मैदानावर पाणी सांचतें, कांठानें बेडूक ओरडूं लागतात, आणि दर वर्षीं पाण्याचा निचरा कसा करावा ह्याविषयीं निवेदनें निघतात. पोरें तेवढे दिवस गुडघाभर पाण्यांत उतरून चेंडू खेळतात.